टुकान बघायला नागपूरला

पुण्यात परत येऊन चार दिवस झाले, बॅगा अजून हॉलमधेच पडल्यात, पण आधी हे लिहून काढते नाहीतर राहूनच जाईल. दोन वर्षांपूर्वीच्या केरळ ट्रिपचं तसंच झालं, आता विचारलं तर मला फक्त बोटीवरचा चहा आठवतो.

तर झालं असं की आमच्या मनूला (माझी लेक, आता पाचवीत जाईल) शाळेने सुट्टीचा प्रोजेक्ट दिला होता, रेनफॉरेस्टमधला एक रंगीत पक्षी निवडा, चित्र काढा, वैशिष्ट्यं लिहा. बाईसाहेबांनी टुकान निवडला. चित्र झकास काढलं, हिरवी चोच, तिच्यावर केशरी पट्टा, टोक लालभडक, छाती पिवळी, अंग काळं. हा रंगीत चोचीचा टुकान म्हणे बेलीझ नावाच्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. इथपर्यंत ठीक होतं. मग एक दिवस जेवताना म्हणाली, आई मला खरा बघायचाय. आता टुकान राहतात मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंत आणि आमचं त्या महिन्याचं बजेट राहतं लोणावळ्याच्या अलीकडे, त्यामुळे मी विषय बदलला.

पण संध्याकाळी मामाचा व्हिडिओ कॉल आला आणि हिने त्याला चित्र दाखवलं. मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, नागपूरचा पक्का. तो चित्र बघून म्हणतो कसा, "अगं हा तं आमच्याकडे रोज येते! सेमिनरी हिल्सवर चल, दाखवतो." वर एक फोटो पाठवला, हललेला, त्यात एका फांदीवर खरंच भली मोठी वाकडी चोच. मी लगेच ओळखलं की हा धनेश, पण मनूला ते ऐकायचंच नव्हतं. शिवाय मला माहेरी जायला कारण हवंच होतं. जूनचा दुसरा आठवडा, शाळा उघडायला पाच-सहा दिवस, तिकिटं मिळाली, निघालो.

पहिला दिवस

ट्रेन दीड तास लेट, एवढं सोडलं तर प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अजनीला उतरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि ऊन दुपारी एकचं. नवतपा संपून आठवडा झाला होता पण सूर्याला कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. त्यात ढग जमायला लागल्यामुळे चिकचिक. पुणेकरांनो, जूनच्या सुरुवातीला नागपूरला जाणार असाल तर सुती कपडे, तोंडाला बांधायला दुपट्टा आणि पर्समधे ओआरएसची पाकिटं ठेवाच, मोठेपणा दाखवू नका. मी दाखवला आणि दुपारी उलट्या काढल्या.

मामाने घरी नेण्याआधी तर्री पोहे खायला घातले. मनूने तर्री म्हणजे काय हे विचारायच्या आतच पहिला घास घेतला, मग अर्धी बाटली पाणी, मग परत पोहे. पोरगी आजोळवर गेलीये एकूण.

घर प्रतापनगरला, जुनं, पुढे छोटंसं अंगण, अंगणात शेवगा. आम्ही आत पाय टाकला तर कुठून तरी आवाज, टुक टुक टुक टुक टुक, एकसारखा, न थांबता. मला वाटलं शेजारी कुणाची मोटर बिघडली. आई म्हणाली, "मोटर कुठली, पक्षी आहे तो. डोकं उठवून राहिला नुसता. पहाटे सुरू करते ते दिवे लागेपर्यंत. जशी काय तांब्याची भांडीच ठोकून राहिलं कोणी." आबांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं की म्हणून तं त्याचं नाव तांबट. मनूने वर बघितलं, पानांत काही दिसेना, आणि ती आत कूलरसमोर जाऊन पडली. आम्ही टुकान बघायला आलो होतो ना.

संध्याकाळी साडेपाचला सेमिनरी हिल्स. माहीत नसणाऱ्यांसाठी, ही शहराच्या आतलीच टेकडी आहे, जुनी दाट झाडी, सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची गर्दी. तासभर माना वर करून फिरलो. बुलबुल, कोतवाल, पिवळाजर्द हळद्या, आणि घारी तर बऱ्याच. धनेश नाही. मामा जरा गोरामोरा झाला होता. शेवटी पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतले एक काका, साधारण सत्तरीचे, आमचं चाललेलं बघून थांबले.

"काय शोधून राहिले?"

मनू म्हणाली टुकान. मी म्हणाले धनेश.

काका हसले. "धनेश डोळ्यानं नाही शोधायचा बेटा, कानानं शोधायचा. घारीसारखा ओरडते. तुम्ही मघापासून घार घार म्हणून सोडून दिलं असन, त्यातला एखादा तोच असन. अन् बिट्टीचं झाड बघा, फळं असलेलं."

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. मी दचकलेच, कारण लहानपणी आम्हाला बिट्टीच्या बिया तोंडात घालशील तर मरशील अशी धमकी होती, आणि ती खोटी नव्हती, ते झाड खरंच विषारी आहे. पण धनेश तिची फळं आरामात खातो. काकांनी सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या कंपाउंडचा पत्ता दिला, तिथे पहाटे जा म्हणाले, आणि जाता जाता मनूला गोळी दिली, लिमलेटची, अजून मिळते ती!

दुसरा दिवस

पाच वाजता उठवलं, पावणेसहाला तिथे. जूनमधे नागपूरला साडेपाचलाच सूर्य उगवतो, त्यामुळे "पहाटे" म्हणजे खरंच पहाटे निघायचं, सात वाजले की पक्षी सावलीला आणि तुम्ही घरी.

सिव्हिल लाइन्स मला नागपूरचा सगळ्यात देखणा भाग वाटतो. रुंद रस्ते, ब्रिटिशांच्या वेळचे बंगले आणि माणसापेक्षा वयाने मोठी झाडं. त्या कंपाउंडच्या फाटकावरचे चौकीदार खुर्ची टाकून बसले होते. मामाने धनेश म्हटल्यावर ते काहीच बोलले नाहीत, नुसतं हातातल्या काठीने समोरच्या म्हाताऱ्या कडुनिंबाकडे दाखवलं. खोडात बरंच वर एक ढोली, पण ढोलीचं तोंड लिंपून टाकलेलं, मधे नुसती उभी फट.

वीस मिनिटं काही नाही. मग घार ओरडली आणि तीच घार नव्हती. दोन फूट लांबीचा एक राखाडी पक्षी, लांब शेपटी, पंख मारत, मग तरंगत, परत पंख मारत येऊन खोडाला लटकला. वाकडी मोठी चोच आणि चोचीवर अजून एक छोटं शिंग. मान जराशी झटकली आणि चोचीच्या टोकाशी एक लाल उंबर आलं. ते फटीतून आत. परत मान झटकली, अजून एक उंबर. असं मी अकरा मोजले, मामा म्हणतो तेरा. कंठात सगळं भरून आणतो आणि एकेक काढून वाढतो. आतून फक्त चोचीचं टोक दिसायचं.

आत त्याची बायको. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने आणि नराने आणून दिलेल्या चिखलाने तोंड आतून बंद करून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. साप, माकड, कुणी आत यायचा प्रश्नच नाही. आत असताना तिची उडायची पिसंही गळतात आणि नवी येतात, म्हणजे त्या काळात ती उडूच शकत नाही, सगळा संसार नराच्या चोचीवर. नराला काही झालं तर संपलं. चौकीदार म्हणाले, "मार्च संपता संपता आत गेली बाई. आता निघन." त्यांच्या आवाजात असं काही होतं की जणू भाडेकरूबद्दल सांगतायत.

मी आणि मामा भारावलेले. मनू दुर्बीण खाली करून म्हणाली, "आई, हा ग्रे आहे."

"राखी धनेश. नावातच आहे."

"पण याला कलरच नाहीये. टुकानला किती कलर असतात."

मामाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याने शिंग दाखवलं, शेपटीचं टोक दाखवलं, ती ऐकेना. आणि खरं सांगायचं तर टुकान आणि धनेश लांबून कितीही भाऊ भाऊ वाटले तरी त्यांचं नातं काही जवळचं नाही. एक अमेरिकेतला, दुसरा आफ्रिका-आशियातला, दोघांनी झाडावरची फळं लांबूनच टोकाने उचलायची म्हणून मोठी चोच कमावली, वेगवेगळी. नातं लावायचंच तर धनेश हुदहुदच्या जवळचा. एवढं समजावल्यावर मनू म्हणाली, म्हणजे मामाने फसवलं. झालं.

जाणार असाल तर एवढंच सांगते, असं घरटं सापडलं तर लांबच थांबा, पंधरा-वीस मिनिटांत निघा, खाली घोळका करू नका. माणसं दिसली की नर खाऊ घेऊन लांब बसून राहतो आणि आतली उपाशी. आम्ही जरा जास्तच थांबलो, ते चुकलंच. फोटोवर लोकेशनही टाकू नका.

दुपारी बाहेर पडायचा प्रश्न नव्हता. आईने कैरीचं पन्हं केलं, गोळाभात केला (बेसनाचे गोळे, वरून हिंगाची फोडणी, सोबत चिंचेचं सार, पुण्यात कुणाला सांगून कळत नाही), आणि आम्ही सगळे कूलरच्या खोलीत आडवे. मनू प्रोजेक्टची वही घेऊन बसली होती. तिला प्रश्न होता की टुकानची एवढी जड चोच त्याला पेलते कशी. पेलते कारण ती जड नाहीच. बाहेरून आपल्या नखात असतं तसलं केराटिन आणि आत हाडांची जाळी, जवळजवळ पोकळ, पावाच्या आतल्या भागासारखी. सगळ्यात मोठ्या टोको टुकानची चोच अंगाच्या एक तृतीयांश लांबीची असते, तरी वजनाला किरकोळ. आणि २००९ साली याच टोकोवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की उकडायला लागलं की तो चोचीतलं रक्त वाढवतो आणि अंगातली गरमी चोचीवाटे बाहेर टाकतो, गार झालं की रक्त कमी करतो.

आबा डोळे मिटूनच म्हणाले, "म्हणजे कूलर घेऊन फिरते तो. नागपूरले राहिला असता निवांत."

मनूने हे वहीत लिहिलं, "टुकानची चोच म्हणजे त्याचा कूलर." मी खोडायला लावलं नाही. रात्री झोपताना तो चोच पाठीवर टेकवतो आणि शेपटी उलटी दुमडून अंगावर घेतो, नुसता पिसांचा गोळा, हेही तिने लिहिलं आणि मग तसं झोपून दाखवायचा प्रयत्न केला. बाहेर शेवग्यावर टुक टुक टुक चालूच. कूलरचा आवाज, आबांचं घोरणं आणि तो, तिघांचा ताल जमला होता.

रात्री सावजी. मामाने हौसेने नेलं. मी एका मटणात गार झाले, मनूने पाटोडीच्या रश्श्यातली पाटोडी धुऊन खाल्ली, अक्षरशः वाटीत पाण्याने धुऊन, शेजारच्या टेबलावरची मंडळी दुःखाने बघत होती. तिथेच मामाने घोषणा केली, "कलर पाहिजे ना तुला? उद्या नऊ कलर दाखवतो. एकाच पक्ष्यावर."

तिसरा दिवस

नऊ कलर म्हणजे नवरंग. मामाचा यात जुना जीव अडकलाय. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी त्याच्या ऑफिसच्या व्हरांड्यात सकाळी एक पक्षी दमून बसलेला सापडला होता, रात्रीच्या प्रवासात भरकटून आलेला. नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर घरटी करायला मध्य भारतात, हिमालयाच्या पायथ्याला वर येतो, प्रवास रात्रीचा, मग शहरातले दिवे, काचा, असं काही काही होतं. मामाने त्याला खोक्यात अंधारात ठेवलं, संध्याकाळी झुडपात सोडलं, आणि तेव्हापासून दर जूनला याचं जंगलात जाणं.

आम्ही निघालो सिल्लारीला, पेंचच्या महाराष्ट्राकडच्या बाजूला, नागपूरहून सत्तर-एक किलोमीटर. वाटेत रामटेक केलं. गडावर माकडाने माझ्या हातातली केळ्यांची पिशवी एवढ्या सहजतेने घेतली की मी जवळजवळ थँक्यू म्हणाले. मनसरनंतर जबलपूर हायवे, जंगलाच्या पट्ट्यात हायवे चक्क उंचावर नेलाय, खालून प्राण्यांनी जावं म्हणून. मनू गाडीतून पूर्ण वेळ खाली वाघ शोधत होती.

होमस्टेबद्दल बोलायला नको. नाव लिहित नाही, पण फोनवर "एसी आहे" म्हणाले होते तो एसी होता, व्होल्टेज नव्हतं. एसीला विचारता तसं व्होल्टेजही विचारा. जेवण मात्र सुरेख, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि मालकीणबाईंनी स्वतःच्या झाडाची जांभळं आणून दिली.

चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि असा वारा सुटला की अंगणातली खाट उलटली. मग पाऊस, टपोरा, वीसच मिनिटं. पण त्याने जंगल बदलून टाकलं. वास तर होताच, पण आवाजही. इतका वेळ गप्प असलेलं सगळं बोलायला लागलं. लांबून पावश्या, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, दर वेळी सूर चढवत चढवत. मोर. बेडूक कुठून आले देव जाणे.

साडेसहाला गावातला वाटाड्या मुलगा आम्हाला गावाकडेच्या नाल्यावर घेऊन गेला. विशीचा असेल, बोलायला लाजरा, पण कान असा की आम्ही बोलत असलो तरी मधेच बोट वर करायचा. एकदा केलं तसं बोट वर. "थांबा जी. बोलून राहिला."

दोन सुरांची शीळ. आधी वर जाणारी, मग खाली पडणारी, व्हीऽट-ट्यू. स्वच्छ, जोरात, जसं काही पोरगं मित्राला खालून हाक मारतंय. थोड्या वेळाने पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. दक्षिणेत तमिळ लोक याला सहाच्या ठोक्याचा पक्षी म्हणतात, सकाळी सहा-संध्याकाळी सहा बोलतो म्हणून, आणि मी घड्याळ बघितलं तर सहा चाळीस. विदर्भात सूर्य उशिरा मावळतो, आपला नवरंग लोकल टाइम पाळतो.

दिसला नाही. अंधार पडेपर्यंत बसलो, डासांनी फोडलं, मनू रडकुंडीला आली. पलीकडे दुसऱ्या एका ग्रुपने स्पीकर काढून त्याचाच आवाज वाजवायला सुरुवात केली होती. आमच्या पोराने तिकडे जाऊन हात जोडले, "दादा, बंद करा जी. तो घर करून राहिला, त्याले वाटते दुसरा कोणी आला भांडायला." त्यांनी बंद केलं, तोंडं करत का होईना. हे लोक तीन-तीन लाखांचे कॅमेरे घेतात आणि धीर घ्यायला विसरतात.

पेंच हे २०२४ मधे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, त्यामुळे रात्री तारे बघायचे असा माझा प्लॅन होता. ढग. एकही तारा नाही. लाइटही नाही, म्हणजे डार्क होतंच.

चौथा दिवस

पाच वाजता परत नाल्यावर. ओली माती, सागाची मोठी मोठी कुजकी पानं, वर बांबू. पोराने आम्हाला एका पडलेल्या खोडामागे बसवलं आणि सांगितलं, वर नाही, खाली बघा. आम्ही सगळे नवखे लोक रंगीत पक्षी म्हटलं की झाडाच्या शेंड्याकडे बघतो आणि हा बसतो जमिनीवर. दिवसभर पालापाचोळा उलटत किडे, गांडुळं, गोगलगायी शोधतो, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारतो. फक्त शीळ घालायला फांदीवर चढतो.

आधी आवाज आला, खसखस, मग थांबला, परत खसखस. एक सागाचं पान आपोआप उलटलं. आणि पानाच्या पलीकडे तो उभा.

मला आधी वाटलं कुणीतरी खेळणं टाकलंय. मैनेपेक्षा लहान, गुबगुबीत, शेपूट जवळजवळ नाहीच, उंच पाय. पाठ हिरवी, खांद्यावर एक चकाकणारा निळा तुकडा, असा की उजेड नसतानाही दिसावा. डोक्यावर बदामी, मधोमध काळी रेघ, डोळ्यावरून जाडजूड काळा पट्टा, वर पांढरी भुवई, गळा पांढरा, पोट पिवळसर बदामी आणि शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल. दोन उड्या मारल्या, गांडूळ ओढलं, आमच्याकडे एक डोळा करून बघितलं, शेपटीचा बुडखा खालीवर केला. किती वेळ होता सांगता येत नाही, दीड मिनिट असेल. मग भुर्रकन उडाला आणि उडताना पंखात एक पांढरा ठिपका लखकन चमकून गेला.

कुणीच बोललं नाही. मग मनू कुजबुजली, "आठच झाले."

पायांचा गुलाबी धरून आठ. नववा कुठला यावर परतीच्या वाटेवर जोरात भांडण. मामाचं म्हणणं खांद्याचा निळा आणि हिरव्याशेजारचा निळा वेगळे धरायचे, मनूचं म्हणणं ती चीटिंग आहे. वाटाड्या पोरगा पहिल्यांदा मोकळेपणाने हसला, "नववा कोणालेच सापडत नाई ताई. मी दर साली मोजतो."

मामाने अजून दोन गोष्टी सांगितल्या त्या मला फार आवडल्या. एक, इंग्रजीत याला पिट्टा म्हणतात तो शब्द तेलुगू आहे, पिट्ट म्हणजे नुसता छोटा पक्षी. नागपुरात तेलुगू घरं काय कमी आहेत, म्हणजे जगभराची मंडळी ज्या नावाने ओळखतात ते आपल्या शेजारच्या काकूंच्या तोंडचं. दोन, लिनियसने १७६६ साली याचं शास्त्रीय नाव ठेवलं तेव्हा याला कावळ्याच्या गटात टाकलं होतं, आखूड शेपटीचा कावळा! याला कावळा म्हणायला केवढं धाडस लागतं. आणि प्रोजेक्टच्या दृष्टीने महत्त्वाचं, पिट्टांची चाळीसहून जास्त जातभाई मंडळी आहेत आणि त्यातली बहुतेक आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाच्या दमट जंगलांमधे राहतात. आपल्याकडचा हा कोरड्या सागाच्या जंगलातही येतो, पण पाऊस घेऊनच.

टिप म्हणून लिहिते. नवरंग बघायचा तर जूनचा पहिला पंधरवडा ते जुलै, पाऊस पडून गेल्यावरची सकाळ सगळ्यात चांगली. जंगलाचा आतला भाग पावसाळ्यात बंद असतो म्हणून जुलैत जाणार असाल तर आधी चौकशी करा. कपडे मातकट, पायात बूट (विंचू असतात, आम्हाला एक भेटला), आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. आणि गावातलाच वाटाड्या घ्या, पैशाची घासाघीस करू नका, तो नसता तर आम्ही चार दिवस झाडांचे शेंडे बघत बसलो असतो.

दुपारी नागपूर. रात्री खरा पाऊस लागला, आईने लगेच भजी.

पाचवा दिवस

परतीची ट्रेन संध्याकाळची. सकाळभर संत्रा बर्फी आणि आईने दिलेलं लोणचं भरण्यात गेली. मनू व्हरांड्यात प्रोजेक्टचं शेवटचं पान लिहीत होती, "टुकानचे नातेवाईक". मामाच्या लॅपटॉपवर शोधत होती. मधेच तिने हाक मारली, "मामा, बार्बेटला मराठीत काय म्हणतात?"

मामा दाढी करत होता. "तांबट."

शांतता. मग, "आपला?"

मी जाऊन बघितलं. बरोबर होतं तिचं. टुकान, बार्बेट आणि सुतारपक्षी एकाच गणातले, आणि त्यात टुकान बार्बेटच्या इतके जवळचे की काही शास्त्रज्ञ त्यांना एकाच कुळात घालत. खूण पायावर असते, दोन बोटं पुढे, दोन मागे. धनेशाची तीन पुढे, एक मागे. म्हणजे आम्ही सिव्हिल लाइन्स पालथी घातली, सिल्लारीला डास खाल्ले आणि टुकानचा खराखुरा नातलग पाच दिवस आमच्या डोक्यावर बसून ओरडत होता. नागपुरात. शेवग्यावर.

मामा अर्ध्या दाढीवर कॅमेरा घेऊन धावला. पाऊस पडून गेल्यामुळे पानं ओली, उजेड छान. पण आवाज कुठून येतोय ते कळेना, कारण तो बोलताना मान इकडे-तिकडे वळवतो, डावीकडून वाटतं, मग उजवीकडून. शेवटी आबांनीच दाखवला, खुर्चीतून न उठता. वाळक्या फांदीवर चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, ठेंगणा. कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती आणि गळ्याला पिवळा, छातीवर परत लाल, पाय लाल. टुक करताना चोच उघडतच नाही, गळ्याच्या दोन्ही बाजू फुगतात आणि बसतात, फुगतात आणि बसतात. ज्या फांदीवर होता तिच्या खालच्या अंगाला गोल भोक, स्वतः कोरलेलं, म्हणजे संसार तिथेच. फोटो मोठा करून बघितला तर बोटं दोन पुढे, दोन मागे.

मनू आनंदाने ओरडलीच. मग तिने टुकानच्या चित्राशेजारी तांबट काढला, तेवढाच मोठा, प्रमाणाबिमाणाचा विचार न करता. आईला तिने समजावून सांगितलं की आजी, हा टुकानचा भाऊ आहे. आईने चष्मा लावून वर बघितलं. ती वाळकी फांदी पावसाआधी तोडून टाक असं ती मामाला महिनाभर सांगत होती.

"भाऊ?"

"चुलत. लांबचा."

"अमेरिकेतला?"

"हो."

"मग राहू दे आता फांदी," आई म्हणाली.

काल फोन केला तर मागे टुक टुक ऐकू येत होतं. मी विचारलं कसा आहे पाहुणा, तर म्हणाली आज पावणेपाचलाच सुरू केलं मेल्यानं, अन् तुझे आबा आता त्याच्यासाठी उंबराचं रोप शोधून राहिले.